पांढऱ्या पातळांची सहल

"थांबा गं बायांनो, वर कुठं निघालात? आज मंगळवार हाये!"

नारळवाली एवढ्या मोठ्यानं ओरडली की आमच्या टेम्पोवाल्यानं भिऊन उभ्या गाडीचा ब्रेक दाबला. आम्ही नुकत्याच खाली उतरत होतो. मनमाडहून निघालेला तो टेम्पो. त्यात बसण्याआधी मी चांगली उंच होते, उतरले तेव्हा वीतभर कमी झाले होते. खड्डेच तसे. सगळ्या बाया कमरेला हात लावून उभ्या, आणि समोर तांबडदऱ्याचा डोंगर, अर्ध्यावर काळं तोंड उघडून बसलेलं लेणं.

आम्हा सगळ्यांच्या अंगावर पांढरी पातळं होती. विहारात वंदनेला आम्ही पांढरंच नेसतो, आणि त्या दिवशी तर थेट लेण्यातल्या बुद्धापुढं बसायचं होतं. पगारेबाई आमच्या महिला मंडळाच्या पुढारी, शाळेत मास्तरीण. त्यांनी आठवडाभर आधीच बजावलं होतं, "एकीनंसुद्धा रंगीत नेसायचं नाही. नीळ दिलेलं, इस्त्री केलेलं पांढरं पाहिजे." वाटेत धूळ फार म्हणून आम्ही दोन्ही खांद्यांवरून पदर गच्च लपेटून घेतले होते. गळा दिसत नव्हता एकीचाही.

"मंगळवार आहे तर काय झालं मावशी?" मी विचारलं.

"लेणाईच्या ओटीचा वार. सवाशिणींचा." तिनं माझ्याकडं बघितलं, मग विमलकडं, मग मागच्या सगळ्यांकडं. हातातला नारळ हातातच राहिला. "अगं माझे आई! सगळ्याच? एवढ्या तरण्याताठ्या? आन् एकदम?"

मला आधी कळेना ही काय म्हणते. मग लक्षात आलं. तिच्या हिशेबी पांढरं लुगडं म्हणजे कपाळ गेलेली बाई. टेम्पोभर विधवा उतरल्या होत्या तिच्यापुढं.

आमचे हे तर त्या वेळी घरी माझ्या नावानं बोटं मोडत भाकऱ्या थापत असणार, चांगले ठणठणीत. सरळ सांगून टाकायला पाहिजे होतं. पण तोंड उघडलं की खरं बाहेर पडायच्या आधी माझ्या जिभेला दुसरंच काहीतरी सुचतं.

"हो ना मावशी," मी डोळ्याला पदर लावला. "एकाच दिवशी गेले सगळ्यांचे."

"काय सांगतीस! कसे गं?"

"रेल्वेचा डबा. मनमाडच्या यार्डात उभा होता. उन्हाचे सगळे आत जाऊन झोपले. डबा सुटला आपोआप. इंजिन नाही, गार्ड नाही. भुसावळ गेलं, नागपूर गेलं, कलकत्त्याला रूळ संपले तरी थांबला नाही. गेला समुद्रात. अमावस्येला अजून शिट्टी ऐकू येते."

डब्याला कुठली आलीय शिट्टी! पण नारळवालीनं छातीवर हात मारून घेतला. विमलला हसू आवरेना, तिनं तोंडात पदर कोंबला आणि तिचे खांदे गदगदायला लागले. नारळवालीला वाटलं रडतेय. ती तिच्या पाठीवरून हात फिरवायला पुढं आली, आणि मध्येच थबकली. हात मागं घेतला. ओटीचे नारळ हाताळायचे होते ना तिला दिवसभर.

तो हात मागं गेलेला मी बघितला आणि माझं हसू तिथंच सुकलं.

"हौसा," मागून पगारेबाई दात आवळून म्हणाल्या, "आपण कशाला आलोय इथं, आणि तू काय लावलंयस?"

तेवढ्यात नारळवालीनं तोंडाभोवती हात धरून डोंगराकडं हाळी दिली, "ओ केरबादादा! रांडमुंड बायांची आख्खी पलटण वर येतीया! नवऱ्यांचा डबा समुद्रात गेला सगळ्यांच्या! नैवेद्य संभाळा!"

तिची हाळी डोंगरावर आपटून दोनदा परत आली. झालं. आमच्या आधी आमची बातमी वर पोचली.

आम्ही कशाला आलो होतो, ते सांगते. आम्ही माझ्या सासूसाठी आलो होतो. धोंडाबाई त्यांचं नाव, पण मी आत्याबाई म्हणायची. तांबडदरा त्यांचं माहेर. म्हणजे तांबडदऱ्याचा महारवाडा. त्यांचा बाप गावचा येसकर. जत्रा आली की पायथ्यापासूनची वाट झाडायचं काम त्याचं. अर्ध्यावर एक चपटा दगड आहे, तिथपर्यंत झाडायचं आणि मागं फिरायचं. त्याच्या पुढं त्याची सावलीसुद्धा चालत नव्हती. लेण्यात काय आहे ते त्यानं जन्मात बघितलं नाही. एका धनगरानं त्याला सांगितलं होतं, आत कुणी देवीबिवी नाही, आत एक माणूस मांडी घालून बसलाय, शांत. बापानं ते लेकीला सांगितलं. मग लग्न होऊन आत्याबाई मनमाडला आल्या. धर्मांतर झालं, विहारात बुद्धाची तसबीर लागली, तेव्हा त्या मोठ्यानं म्हणाल्या होत्या, "अगं, हा तर आमच्या डोंगरातला!"

तेव्हापासून एकच धोशा. एकदा त्याच्यापुढं बसायचंय. बापाला जमलं नाही, मी बसणार. दर वर्षी काहीतरी आडवं यायचं. बाळंतपणं, संप, सासऱ्यांचं आजारपण, मग सासरे गेलेच. आणि आता आत्याबाईंचे गुडघे असे झाले होते की पुढच्या वर्षी त्यांना डोंगर चढवायचा तर डोंगरच खाली आणावा लागला असता. त्या वर्षी बाबासाहेबांची शताब्दी होती. पगारेबाई म्हणाल्या, "आता नाही तर कधी?" आणि टेम्पो ठरला.

चढताना आत्याबाईंनी माझ्या दंडाला धरलं होतं. बारक्या, काडीसारख्या, पण पकड अशी की लोहारानं सांडशी विकून टाकावी. त्या चपट्या दगडापाशी थांबल्या.

"दम लागला का?"

"न्हाई. हितपत्तर." त्यांनी दगडाकडं बोट दाखवलं. "हितपत्तर झाडायचा."

त्यांनी चपलेसकट पाय उचलला, दगडाच्या पुढं ठेवला, खाली बघितलं. मग म्हणाल्या, "चल. खालची ती बाई काय वरडत व्हती?"

"काही नाही. तुम्ही चला."

"तू काय सांगितलंस तिला?"

"काही नाही म्हटलं ना."

"हौसा, तुझं काही न्हाई म्हंजी लई काही असतं," त्या म्हणाल्या आणि चढायला लागल्या.

वर पोचलो. अंगणासारखा तासलेला कातळ, त्यामागं लेण्याची कमान, पिंपळाच्या पानासारखी, आणि आत खांबांच्या दोन रांगा. मी विहिरी बघितल्यात, धरणं बघितलीत, पण डोंगराच्या पोटात असं घर कुणी कोरलं असेल असं वाटलं नव्हतं. त्या कमानीला लोखंडी जाळीचं दार बसवलेलं. बाजूला पुरातत्त्व खात्याची एक निळी पाटी गंजून आडवी पडली होती आणि तिच्यावर कुणीतरी खोबरं वाळत घातलं होतं.

दारातच केरबा पुजारी उभा. पन्नाशीचा, पोट सुटलेला, नुकताच अंघोळ करून ओलं सोवळं नेसलेला. दोन्ही हातांत नैवेद्याचं ताट, वर केळीचं पान झाकलेलं. अंगणात गावातल्या तीन बाया हिरव्या साड्या नेसून ओटीची तबकं घेऊन बसल्या होत्या. आम्हाला बघून त्यांनी तबकं पदराखाली घेतली.

"तिथंच थांबायचं," केरबा म्हणाला. "जवळ येऊ नका, सोवळ्यात हाये मी. निवद दाखवायचाय. काय झालं ते समजलं, लई वाईट झालं. पण आज सवाशिणींचा वार. तुमचं दर्शन हितनंच घ्या आन् माघारी जावा."

"काय झालं?" पगारेबाईंनी विचारलं. "कुणाला काय झालं?"

"तो तुमचा डबा..."

पगारेबाईंनी माझ्याकडं असं बघितलं की शाळेतली पोरं बिचारी रोज कशी जगतात ते मला कळलं. त्या पुढं झाल्या, गळ्यावरचा पदर बाजूला केला, मंगळसूत्र वर धरून दाखवलं. "हे बघा. आमचे नवरे जिवंत आहेत. कुठला डबा नाही, काही नाही. आम्ही बौद्ध आहोत. वंदनेला पांढरं नेसतो. आणि ही तुमची देवी नाही, हे बुद्धाचं लेणं आहे."

मी तोवर जाळीतून आत बघत होते. आत अंधार. डोळे बसायला वेळ लागला. मग शेवटाला तो गोल दगडी स्तूप दिसला आणि त्याच्या पुढच्या अंगाला कोरलेली ती मूर्ती. मांडी घातलेली, दोन्ही हात मांडीत. आणि तिला हिरवी साडी नेसवली होती. तोंडाला शेंदूर इतका की नाक, ओठ काही कळत नव्हतं, आणि त्या शेंदरात भलीमोठी नथ खुपसलेली. गळ्यात बांगड्यांची माळ.

माझ्या डोक्यात जे पेटलं ते काय सांगू. त्या वेळी मी त्या डोंगराला टक्कर दिली असती तर डोंगर दोन गावं पलीकडं सरकला असता.

"नथ घातलीय," मी म्हटलं. "पगारेबाई, बघा, त्यांना नथ घातलीय!"

पगारेबाईंनी बघितलं. त्यांच्या गालाची शीर उडायला लागली. "कुणी केलं हे?"

"कुणी केलं म्हंजे?" केरबा म्हणाला. "पिढ्यान् पिढ्या हाये. पांडवांनी कोरली, लेणाई हितं आपसूक प्रगटली. माझा आजा पुजायचा, बाप पुजायचा."

"मांडी बघा तिची. कुठल्या देवीची असते अशी?"

"बाई, तुम्ही शाळा शिकवत असाल. देव शिकवू नका."

"देव नाहीच आहे तो! तेच तर सांगतेय!"

"मग कशाला आलाय वर?" केरबा म्हणाला. ओटीवाल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या.

पगारेबाई भांडतच राहिल्या असत्या, पण मला डाव्या दंडावरची पकड जाणवत होती. आत्याबाई मान उंच करून जाळीतून आत बघत होत्या. त्यांना एवढ्या लांबून काय दिसणार! साडी दिसली की नथ दिसली, काही समजलं नाही. तोंड जरासं उघडं होतं.

मी पगारेबाईंचा हात दाबला. "बाई, भांडण मागाहून. आधी आत तर जाऊ. आत्याबाईंना उभं राहवत नाही."

पगारेबाईंनी एक मोठा श्वास घेतला. "ठीक आहे," त्या केरबाला म्हणाल्या. "आम्ही सवाष्णी आहोत. तुमच्याच नियमानं सांगतेय. उघडा दार."

केरबानं सगळ्यांकडं बघितलं. विमलनं पदर सारून काळी पोत दाखवली, मी दाखवली, मागच्या सगळ्यांनी दाखवली. दहाबारा चांगल्या बायका एका माणसाला गळा उघडून दाखवत उभ्या, आणि तो एकेकीवर मान हलवतोय. मला अजून ते आठवलं की हाताच्या मुठी वळतात.

"बरं," तो म्हणाला. "तुम्ही या. निवद झाला की दार उघडतो. आन् ही म्हातारी?"

आत्याबाईंच्या गळ्यात काही नव्हतं. हातात काही नव्हतं.

विमलनं खाली बघितलं. ज्या बाईसाठी आम्ही सगळ्या आलो, तीच तेवढी बाहेर.

"म्हातारीला बसू द्या अंगणात सावलीला," केरबा म्हणाला. "तुम्ही जाऊन या."

"त्या पण सवाष्ण आहेत," मी म्हटलं.

"गळा मोकळा हाये."

"नवसाचा आहे." जीभ सुटली, आता ती थांबणार नव्हती. "आमचे सासरे आजारी पडले तेव्हा ह्यांनी नवस बोलला, की हे उठून बसले तर मी मंगळसूत्र मोडून देवीला मुकुट करीन. आणि काय सांगू दादा, ते नुसते उठून बसले नाहीत. नव्वदीत दात आले त्यांना. खालचे आधी, मग वरचे. केस काळे झाले. परवा तालमीत गेले होते, वस्तादानं हात जोडले, म्हणाला आजोबा, आमची पोरं मोडतील, घरी जा. आता मुकुट सोनाराकडं आहे, झाला की तुमच्याच लेणाईला आणणार आहोत. त्याआधी एकदा डोक्याचं माप घ्यायला आल्यात."

केरबाच्या चेहऱ्यावर मुकुट उगवलेला मला स्पष्ट दिसला. ओटीवाल्या बाया माना पुढं काढून ऐकत होत्या. "दात आले?" एकीनं विचारलं.

"बत्तीस," मी म्हटलं.

"लेणाई मोठी जागृत," केरबा म्हणाला. त्यानं कोपरानं कडी सरकवली, पायानं दार ढकललं. दार करकरत उघडलं. "या आजी. तुम्ही आधी या. माप काय, निवांत घ्या."

झालं होतं काम. मला अजूनही वाटतं, ती थाप चांगली होती. बसल्या जागी तशी दुसरी जमणार नाही. मी आत्याबाईंचा हात धरून पाऊल टाकलं, आणि हात जागचा हलेना.

"चला ना आत्याबाई."

"तुझा सासरा मेलाय," आत्याबाई म्हणाल्या.

हळू नाही. सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं.

"आत्याबाई..."

"मेलाय. माझ्या मांडीवर मेला. चांगला माणूस व्हता. त्याला तालमीत कशाला धाडतीस?" त्यांनी माझा हात झटकला. इतक्या वर्षांत त्या माझ्यावर कधी अशा चिडल्या नव्हत्या. माझ्या थापांना सगळ्यांत आधी त्याच हसायच्या. "आत जाऊन काय म्हणायचं मी? पंचशील म्हणायचं ना? खोटं बोलणार न्हाई म्हणायचं ना त्याच्यापुढं बसून? आन् दारातनं आत कशी गेले? खोटं बोलून?"

"मग काय बाहेर बसणार? एवढ्या लांब येऊन?"

"मी कुठं म्हणले बाहेर बसते?"

त्या केरबाकडं वळल्या. केरबाचा चेहरा बदलला होता. मुकुट गेला होता. तो दाराच्या मधोमध उभा राहिला, ताट छातीशी धरून.

"म्हंजे विधवाच हायेस ना म्हातारे? मग खोटं का बोलवतीस सुनेला? चल, बाजूला हो. दार बंद करायचंय."

"विधवा हाये," आत्याबाई म्हणाल्या. "आन् आणखी सांगते. तुझं वय काय? तुझ्या आज्याच्या वक्ताला ही वाट झाडायला येसकर यायचा. राणबा येसकर. त्या दगडापत्तर. त्याची मी लेक."

ओटीवाल्या बाया एकमेकींकडं बघायला लागल्या.

आतापर्यंत आम्ही त्याला नुसत्या मनमाडच्या शहरी बाया होतो. बौद्ध हा शब्द त्यानं ऐकला होता, पण तो पगारेबाईंच्या शुद्ध बोलण्यातून आला होता, लांबून आल्यासारखा. आता त्याच्याच गावच्या वेशीतून आला.

"म्हंजे तुम्ही..." तो म्हणाला.

"हां. त्याच," आत्याबाई म्हणाल्या.

आणि केरबा एक पाऊल मागं सरकला.

तोंडानं तो काही बोलला नाही. बोलला असता तर पगारेबाईंनी त्याला सरळ फौजदारापुढं उभा केला असता, एवढं त्यालाही कळत होतं. पण पाय बोलला. ओल्या सोवळ्यातला पाय आपोआप मागं गेला, आणि ताट वर उचललं गेलं, आमचा वारा लागू नये म्हणून.

माझ्या डोळ्यांपुढं लाल झालं. मी पुढं झेपावले. त्या ताटाचं काय करणार होते ते मला माहीत होतं. पण आत्याबाईंनी हात आडवा घातला. त्या केरबाच्या पायाकडं बघत होत्या. त्या पावलाकडं. मग वर बघितलं, आणि हळूच एक पाऊल पुढं टाकलं.

केरबा आणखी एक पाऊल मागं.

"आजी, तिथंच..."

आत्याबाई पुढं. केरबा मागं.

"अडव की," आत्याबाई म्हणाल्या. "हात धर माझा आन् काढ बाहेर. म्हातारी हाये मी, एका हातानं निघंन."

"मी सोवळ्यात हाये!"

"मग?"

"शिवू नका! निवद बाटंल!"

"मी कुठं शिवती? तूच शीव. धर मला."

त्यांना अडवायचं तर हात लावायला पाहिजे होता, आणि हात लावला तर ताट गेलं, सोवळं गेलं, देवीचा मंगळवार गेला. तो ओटीवाल्या बायांना ओरडला, "अगं, बघत काय बसल्यात? धरा तिला!" त्या तिघींनी तबकं आणखी आत ओढली आणि भिंतीला पाठ लावली. एकही पुढं होईना. सवाशिणीची भरली ओटी घेऊन विधवेला कोण धरणार, तीही येसकराच्या लेकीला!

आत्याबाई उंबरा ओलांडून आत गेल्या. त्यांच्यामागं मी, पगारेबाई, विमल, सगळ्या. दार काही फार रुंद नव्हतं, पण आत खांबांच्या मधली जागा मोठी. आम्ही आपोआप पसरलो, एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत. कुणी ठरवलं नव्हतं. त्या अंधारात सगळी पांढरी पातळं, आणि पुढं तो, दोन्ही हातांनी ताट डोक्यावर धरून पाठीमागं सरकणारा. एकेक खांब मागं पडत गेला. वटवाघळं उडाली. कुणी घाई केली नाही. आत्याबाईंच्या गुडघ्यांच्या चालीनं चाललो, आणि ती चाल इतकी हळू होती की त्याला प्रत्येक पावलाला वाटत असणार आता थांबतील. थांबलो नाही.

"मागं या, मागं या," तो म्हणत होता, आणि मागं तोच जात होता.

शेवटी त्याची पाठ टेकली. स्तूपाला, मूर्तीच्या मांडीला. त्या हिरव्या साडीत त्याची टाच अडकली. आता जायला जागा नव्हती. पुढं आत्याबाई, हातभर अंतरावर. दोन्ही बाजूंना आम्ही. ताट कललं आणि त्यातली आमटी काठावरून त्याच्या कपाळावर ओघळली. ती पुसायलासुद्धा हात मोकळा नव्हता.

"वाट द्या," तो म्हणाला. आवाज एवढासा.

"आम्ही कुठं अडवलंय?" मी म्हटलं. कमरेवर हात ठेवले, कोपरं बाहेर काढली, होते त्याच्या दुप्पट झाले. "जा की. आम्हाला जरासा घासून जा."

"बाई, सोवळं..."

"सोवळं काय? उभा राहा आता तिथं. संध्याकाळपर्यंत उभा राहा. आमची काही घाई नाही." मला मजा नव्हती येत, खोटं कशाला सांगू. माझे दात एकमेकांवर आपटत होते रागानं. विमल माझ्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली. पगारेबाई, ज्यांनी जन्मात कुणाचा रस्ता अडवला नसेल, त्यासुद्धा एक पाऊल पुढं सरकल्या. त्याला रडू फुटलं असतं तरी मी हलले नसते.

"हौसा, बाजूला हो," आत्याबाई म्हणाल्या.

"का?"

"त्याला जाऊ दे."

"आत्याबाई, ह्याच्या आज्यानं..."

"माहीत हाये मला. तू सांगू नकोस. माझ्या बापाला वाट दिली न्हाई. आता तू ह्याला देऊ नकोस. मग ह्याची नात तुझ्या नातीला देणार न्हाई. मी मरायच्या आधी हे बघायला आले का एवढा डोंगर चढून?" त्यांनी कोपरानं मला ढोसलं, बरगडीत, चांगलं कळवळायला लावेल असं. "वाट सोडा गं त्याला. सगळ्या."

विमल सरकली. पगारेबाई सरकल्या. मी सगळ्यांत शेवटी सरकले, आणि जेवढी लागते तेवढीच. केरबा पोट आत ओढून, ताट वर धरून, खांबाला घासत तिरका तिरका गेला. दारात पोचल्यावर पळाला. बाहेर तो ओटीवाल्या बायांशी काहीतरी मोठ्यानं बोलायला लागला. खालच्या नारळवालीला हाळ्या गेल्या. माणसं गोळा होणार हे दिसतच होतं.

आत्याबाईंचं तिकडं लक्षच नव्हतं. त्या मूर्तीपुढं उभ्या होत्या. हात वर करून त्यांनी नथ काढली, शेंदरात ती चिकटून बसली होती, जरा ओढावी लागली. ती नीट, आदरानं म्हणावं तशी, बाजूच्या दगडावर ठेवली. साडीला हात लावला नाही. मग एक गुडघा, मग दुसरा, पगारेबाईंच्या खांद्याला धरून त्या खाली बसल्या.

"बाई, तुमचा शाळेतला आवाज काढा," त्या म्हणाल्या. "मला कमी ऐकू येतं."

पगारेबाईंनी सुरुवात केली. पहिल्याच ओळीला आवाज फुटला, मग सावरला. बाया हात जोडून बसल्या, सगळ्यांची तोंडं बुद्धाकडं. डोंगराच्या पोटातून ते शब्द असे परत येत होते की आणखी शंभर बाया मागच्या दगडात बसून म्हणतायत असं वाटावं.

मीही म्हणत होते. पण मी तिकडं पाठ केली होती. दाराकडं तोंड करून, पदर खोचून, त्या उजेडाच्या तुकड्यावर डोळे लावून बसले होते. कुणीतरी तसं बसायला पाहिजेच होतं. लेण्यातला बुद्ध कसा होता म्हणून कुणी विचारलं, तर मला सांगता येत नाही. मी त्याला धड बघितलंच नाही.